खुबा जपून वापरणे

८ ऑगस्ट १९७६
मुंबईहून परत सोलापूर. उजव्या खुब्यात नवा सांधा. किती वर्षं टिकेल, विचारलं. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्यांना जन्मभर पुरतो. तुम्ही छत्तीसचे, तरुण माणूस वापरतो जास्त, त्यामुळे झिजतो लवकर. नक्की आकडा अजून कुणालाच माहीत नाही. रोज चाला मात्र.
शेवटचं सगळ्यांनाच सांगत असतील.

९ ऑगस्ट
निश्चय: आजपासून मी सत्तरीचा. सांधा राखून ठेवायचा आणि संक्रांतीला एकदम खर्चायचा. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलायचा मान माझा. माझ्या दुखण्यामुळे दोन वर्षं चुलतभाऊ धुळाप्पाने पेलला, तेव्हापासून छाती काढून फिरतो. यंदा परत घेणार.
डॉक्टरांना हे विचारलं नाही. मुंबईच्या माणसाला त्यातलं काय कळतंय!

२ सप्टेंबर
काठी, धोतर, दुकानात खुर्ची. उठावंच लागलं तर भार डाव्या पायावर. चादरी नोकर दाखवतो. बायको गौरम्मा म्हणाली, डाक्टरनं चालायला सांगितलंय की. मी म्हटलं, तू लग्नातला शालू रोज नेसतेस का? उठून चुलीकडे गेली. पटलं असणार.

१७ ऑक्टोबर
गिऱ्हाइकाने आजोबा म्हणून हाक मारली. प्रगती!
गौरम्मा दिवसभर घुश्शात.

५ डिसेंबर
नंदीध्वजाचा सराव सुरू. गेलो नाही. फुकटची झीज. धुळाप्पा रोज जातो. झिजू दे त्याला.

११ जानेवारी १९७७
डावा पाय कुरकुरतोय. थंडी. बाराबंदीचे बंद पोटावर पोचत नाहीत, परटाने आटवली. यात्रेसाठी गौरम्माने शालू काढला तर घडीघडीवर विरलेला. दुकानदाराने तेव्हाच फसवलं असणार.

१३ जानेवारी
नंदीध्वज पेलला. म्हणजे, हात घातला. उजव्या पायात जीवच नव्हता, डावा लटपटला. धुळाप्पा धावला, आधी ध्वज सावरला, मग मला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी येऊन रडलो.

२९ जानेवारी
मुंबई. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. सांधा नवाकोरा, झीज शून्य! मी गौरम्माकडे पाहिलं. डॉक्टर पुढे म्हणाले, मांडी पार वाळलीय, आणि आता डावा खुबा बिघडतोय. करता काय तुम्ही? म्हटलं, काही नाही, जपतो.
गौरम्मा म्हणाली, मग पेटीतच ठेवायचा हुता की, आत कशाला बसवला?
डॉक्टर इतके हसले, की चष्मा काढून पुसावा लागला.
उद्यापासून रोज चालणार. आज प्रवासाची दगदग झालीय.