कळंब्याच्या शेडचे वारस

लिहून ठेवणार मी, सोनूबाई कृष्णात कुरणे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कचरा वेचणे व निवडणे, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर. वकीलसाहेबांनी धंद्याच्या जागी 'घरकाम' असे टाइप करून आणले होते. ते मी खोडायला लावले. घरकाम माझ्या मालकांनी केले, ते असेपर्यंत. मी बाहेर होते. माझी अक्कल जागेवर आहे, चष्मा फक्त वाचायला लागतो, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली न येता राजीखुशीने करत आहे. यापूर्वी केलेले नाही, कारण वाटून द्यावे असे काही नव्हते.

१. मंगळवार पेठेतील दोन खोल्यांचे घर माझा एकुलता एक मुलगा प्रसेनजीत याला द्यावे. तो पुण्यात नोकरीला आहे. घर विकले तरी माझी हरकत नाही.

२. बँकेतली ठेव सून पूर्णिमा हिला. पहिल्या भेटीत तिने मला सरळ विचारले, "आई, तुम्ही काय काम करता?" आणि सांगितल्यावर नाक मुरडले नाही. प्रसेनजीतने मात्र तिच्या माहेरी 'आईचा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय आहे' असे सांगून ठेवले होते. हे मी आजवर कोणाला बोलले नाही. आता लिहून टाकले, संपले.

३. माझी लोखंडी आकडी, जिने बावीस वर्षे उकिरडे उपसले, ती हॉटेलवाले उदयसिंह यांना द्यावी. यांच्याकडून रोज हाडे, पत्रावळ्या आणि प्लास्टिकच्या वाट्या एकाच पोत्यात यायच्या. वेगळे करा म्हटले तर म्हणाले, "मावशी, मी काय आता कचऱ्याला मॅनेजर ठेवू व्हय?" दुसऱ्या दिवशी भर जेवणाच्या वेळी मी ते पोते त्यांच्या काउंटरवर नेऊन ठेवले. गिऱ्हाईक उठून गेले, तांबडा रस्सा तसाच राहिला. महिनाभर आमचे बोलणे बंद होते. आज त्यांच्याकडे चार डबे आहेत आणि हॉटेलवाल्यांच्या मीटिंगमध्ये ते ही कल्पना स्वतःची म्हणून सांगतात. सांगू देत. आकडी काउंटरमागे टांगावी, एवढेच.

४. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला थर्माकोल आणि प्लास्टिकचे ग्लास आणू नयेत. ताटे भाड्याने आणून घासावीत. हार सुती दोऱ्यातलेच घ्यावेत, नायलॉनचा दोरा खतात कुजत नाही. हे कोणी विसरले तर मला उठून यावे लागेल.

५. आता कळंब्याची तीन गुंठे जागा, तिच्यावरची शेड, गठ्ठे बांधायचे यंत्र आणि वजनकाटा. ही सगळी माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. वॉर्डातला सुका कचरा इथे येतो आणि अकरा बाया तो एकोणीस प्रकारांत निवडतात. पूर्वी वॉर्डातून कचरा डेपोला रोज दोन गाड्या जात. आता आठवड्याला एक जाते, तीही भरत नाही. तीसुद्धा बंद करायची आहे.

हे फुकट झालेले नाही. सुरुवातीला लोकांनी वेगळा करून दिलेला कचरा ठेकेदाराच्या गाडीत पुन्हा एक व्हायचा. एके दिवशी मी त्या गाडीत मागे चढून बसले आणि वॉर्ड ऑफिसपाशी उतरून तशीच साहेबांपुढे उभी राहिले. ते म्हणाले, "मावशी, वास येतोय." मी म्हटले, "व्हय साहेब. निवडल्यालं पुन्हा एक केलं की आसाच वास येतोय." महिन्याभरात प्रत्येक गाडीत दोन कप्पे झाले.

माझीही एक चूक लिहून ठेवते. प्लास्टिक वितळवणाऱ्या कारखान्याला पाठवलेल्या पहिल्या गठ्ठ्यांत मी दुधाच्या पिशव्यांबरोबर वेफर्सची चकचकीत पाकिटे बांधली. दोन्ही मऊ, म्हणून एकच असे वाटले. सगळा माल परत आला. चार दिवस बसून आम्ही तो उसवला. तेव्हापासून प्रत्येक गठ्ठ्याला बांधणारीच्या नावाची चिंधी असते. चूक झाली तर कोणाची ते कळते, आणि गेली सहा वर्षे एकही गठ्ठा परत आलेला नाही. आता कारखानदार चिंधी बघतो आणि गठ्ठा न फोडता घेतो. याचा मला फार अभिमान आहे.

गेल्या दिवाळीत प्रसेनजीत त्याच कचरागाडीच्या ठेकेदाराला घेऊन शेडवर आला. मी म्हटले, "बसा पावणं," चहा दिला. ठेकेदार शेड विकत घ्यायची म्हणाला. मी विचारले, "आन् निवडायचं कोण?"

"निवडायचं कशाला? निवडल्यालं कागदावर दावायचं की."

मी त्याच्या हातातला कप काढून घेतला. प्रसेनजीत चिडला. "आई, किती दिवस ह्यात हात घालणार हायस? लोकं काय म्हणत्यात?"

"लोकं मला नमस्कार करत्यात. तू कवा बघायला थांबलास?"

तो गाडीत जाऊन बसला.

म्हणून ही शेड, जागा आणि यंत्रासह, मी शेडमधल्या अकरा बायांच्या गटाला देत आहे. गटप्रमुख बनाबाई यांनी ताबा घ्यावा. जागा विकता येणार नाही. मिसळलेला कचरा आला तर ज्याचा असेल त्याच्या दारात परत नेऊन ठेवावा, मग तो पुढारी असो की पाहुणा.

मला भीती एकाच गोष्टीची आहे. माझ्या मागे प्रसेनजीत कोर्टात गेला तर शेडला कुलूप लागेल. या बायांना तारखांवर जाणे परवडणार नाही, आणि सहा महिन्यांत डेपोच्या गाड्या पुन्हा रोज सुरू होतील. म्हणून पोरा, तुलाच लिहिते. घर तुला दिले, ते मायेने दिले. शेड दिली नाही, कारण ती तू विकशील. कोल्हापुरात हे काम उभे करणारी बाई तुझी आई आहे. मला त्याचा अभिमान आहे, तुला असावा ही इच्छा आहे, पण सक्ती नाही. हा कागद सही झाल्यावर तुला पुण्याला पाठवते, खाली तुझ्यासाठी जागा मोकळी सोडली आहे. सही कर किंवा करू नकोस.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, समजून सही केली.

सोनूबाई कृष्णात कुरणे
कोल्हापूर, ९ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार
१. डॉ. शिवानी चौगुले (सोनूबाईंना आज तपासले. पूर्ण शुद्धीत आहेत, रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे.)
२. केरबा शिंगे, घंटागाडी चालक

मुलाची संमती
मी, प्रसेनजीत कृष्णात कुरणे, वरील मृत्युपत्र दोनदा वाचले. कळंब्याच्या शेडवर मी किंवा माझी मुले कधीही हक्क सांगणार नाही. वकील म्हणाले, हे आईच्या पश्चात लिहून दिले तरी चालेल. मी आजच देतो, म्हणजे तिला वाचता येईल.

प्रसेनजीत कुरणे
१६ फेब्रुवारी २०२५