पुलावरचे सहा जण

रविवार, संध्याकाळ

माझी केतकी सुट्टीवर आलीय, तिच्या हौसेखातर आज तिच्यासोबत चिंचवडला युद्धखेळांच्या प्रदर्शनाला गेले. टेबलांवर डोंगर, नदी, पूल आणि बोटभर उंचीचे रंगवलेले सैनिक. फासे टाकायचे आणि लढायचं. आधी मला गंमतच वाटली.

मग केतकी स्वतः खेळायला बसली. तिने पुलावर सहा सैनिक ठेवले आणि बाकीचे मागे घेतले. फासे पडले. समोरच्या माणसाने ते सहाही उचलून डबीत टाकले.

"अगं, त्यांना का सोडलंस?"

"आई, कुणीतरी थांबल्याशिवाय बाकीचे निघत नाहीत."

किती सहज बोलली! माझी लेक सैन्यात खरोखरची कॅप्टन आहे. मंगळवारी सीमेवर परत जायचंय तिला. ते सहा जण डोळ्यांपुढून हलत नाहीत.

दिघीला घरी परतताना रिक्षात राहवलं नाही. विचारलं, "तू असतीस तर कुठे असतीस? पुलावर की मागे?"

ती म्हणाली, "खरं सांगू, की तुला बरं वाटेल ते?"

"बरं वाटेल ते सांग."

"मागे असते, आई."

घर येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही.