चालीचा मान

प्रिय मैत्री,

जय भीम. फोनवर मी अर्धं बोलतो नि अर्धं विसरतो, म्हणून कागद घेतला. तुझी आजी म्हणते, "नेरूळहून खांदेश्वरला पत्र? पोरगी काय परदेशात राहते?" म्हणू दे. गुडघा बरा आहे, लिफ्ट मात्र परवापासून बंद आहे, त्यामुळे मला घरी बसून लिहायला आयतं निमित्त मिळालंय.

रविवारी जेवताना तू वर्गातली गंमत सांगितलीस. तुझ्या चौथीतली रुतिका उभी राहून म्हणाली, "मिस, बाजूच्या वर्गात चॉकलेट देतात, स्टिकर देतात. तुमी नुसतं व्हेरी गुड बोलता." आम्ही हसलो, तूही हसलीस. मग हात धुवायला उठलीस ती गॅलरीतच उभी राहिलीस. आत येऊन म्हणालीस, "आजोबा, त्या पोरांपुढं रोज रिकाम्या हातानं उभं राहवत नाही मला. कोचिंग क्लासवाले बोलावतायत. शाळा सोडावी म्हणते." आपल्याला उत्तर नेहमी पाहुणा जिना उतरल्यावर सुचतं.

मी मराठवाड्यातून इकडं मास्तर म्हणून आलो, तेव्हा समुद्र मी फक्त कवितेत पाहिलेला. खाडीकाठी दोन खोल्यांची शाळा, पलीकडं मिठागरं, आणि ओहोटी लागली की अर्धा वर्ग चिंबोऱ्या धरायला पसार. देण्यासारखं माझ्याकडं खडूसुद्धा मोजकेच. कविता मात्र जीव ओतून शिकवायचो. माझ्या आईची जात्यावरची चाल लावायचो आणि पोरं माझ्यामागून अशी म्हणायची, जशी चिखलात रुतलेली होडी ओढावी. एकदा वैतागून म्हणालो, "बरं, आज ज्याचं शुद्धलेखन नीट, त्यानं चाल लावायची. चालीचा मान त्याचा."

मान मिळाला चंद्राला. वर्षभर हजेरीपलीकडं शब्द न बोललेली पोर. उभी राहिली, पाटी छातीशी धरून म्हणाली, "गुरुजी, मना एकच चाल येतं. लग्नाची. चालंल का?" म्हटलं, चालेल की. आणि तिनं आमची चांदोबाची कविता धवल्याच्या चालीवर घेतली, म्हणजे त्यांच्याकडं म्हाताऱ्या बाया लग्नात गातात तशी, लांबवत, हेलकावे देत. वर्गानं अशी काही उचलली म्हणतेस! हेडमास्तर हौसेराव दारात येऊन उभे. मला म्हणतात, "रावसाहेब, मुहूर्त कितीचा? आम्हाला आवतन नाही?"

खरी फजिती पुढं झाली. हौसेनं मी तीच कविता गॅदरिंगला ठेवली. चाल सुरू झाली आणि सतरंजीवर बसलेल्या आयांना वाटलं, हे तर आपलंच! त्यांनी आपले शब्द सुरू केले. पोरं चांदोबाला बोलावतायत, आया नवरदेवाला. शेवटी चांदोबा हरला. पण त्या गोंधळात चंद्रा आपल्या आईकडं बघत गात होती आणि आई तिच्याकडं बघत. तो चेहरा कुठल्या दुकानात मिळतो, सांग मला.

त्यानंतर पोरं त्या मानासाठी भांडायची. कोणी आरतीची चाल लावायचं, कोणी बँडवाल्यांची, कोणी बर्फवाल्याच्या आरोळीची. पण हेही लक्षात ठेव पोरी, तोच मान रोज हुशार पोराला दिला की तो नासतो. म्हणून मी सुधारणारं पोर शोधायचो, पहिलं येणारं नाही. गणित घालताना त्याचं नाव घालायचो, आणि स्वतःचंच नाव फळ्यावर बघून ते पोर मान वर करून बसायचं. बाजारात कुणाची आई मासळी विकताना दिसली, तर गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं सांगायचो, "बाई, तुमच्या लेकीनं आज काय सुरेख वाचलं!" बाई लाजून गिऱ्हाइकालाच ओरडायची, "आता भाव करू नको हां." तू व्हेरी गुड म्हणतेस ते खोटं नाही, मैत्री, फक्त ते सगळ्यांना एकाच मापानं मिळतं. रुतिकाला चॉकलेट नको असेल. तिला तिच्या एकटीचं काहीतरी हवं असेल. तुझे हात रिकामे आहेत, असं मला तरी दिसत नाही.

आता हे सगळं आजच का लिहिलं, ते सांगतो. तुला बोलावणारा तो क्लास माझ्या नंदकुमारचा निघाला, माझाच जुना विद्यार्थी. सकाळी त्याचा फोन आला, "गुरुजी, तुमची नात आहे म्हणून विचारतो. खरं सांगा, घेऊ का?" स्वयंपाकघराच्या दारातून तुझी आजी दोन्ही हातांनी खुणा करत होती, नाही म्हणा, नाही म्हणा. माझ्या एका शब्दावर तुझ्या तळवलीच्या शाळेतली पोरं तुझ्याकडंच राहिली असती. मी म्हणालो, "डोळे मिटून घे. इतका जीव लावणारी बाई तुला मिळायची नाही." खरं तेच बोललो. तुझ्याविषयी दुसरं कसं बोलू? उद्या दुपारी तो तुला फोन करील. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून शेजारच्या अभयला पाठवतोय. तू शाळा सोडू नयेस असं मला फार वाटतं, पण ते त्याला नाही, तुलाच सांगायचं होतं. त्याला हो म्हणालीस तरी रविवारी जेवायला ये. आजी दोन दिवस अबोला धरेल. मी नाही धरणार.

तुझाच,
आजोबा