टुं वाजला की बटण

३ जून १९८६
नागपुरात बर्डीवरचा कॉम्प्युटर क्लास आजपासून सुरू. टेपवर बाई इंग्रजीत बोलते. टुं वाजला की मी बटण दाबतो, पडद्यावर पुढची स्लाइड येते. शरच्चंद्र सर दिवसभर बाहेर असतात. म्हणजे शिकवतो मीच. गावी देवरीले बापूजींना तसं कळवलं. आठवी नापास कोण विचारते इथं! रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करणार.

५ जून
पहिल्या स्लाइडवर चित्रच नाही, नुसतं लिहिलेलं. फालतू. काढून टाकली. टाइम वाचला.
शब्द उद्यापासून.

९ जून
माझ्या पत्रावर विसंबून धाकटी बहीण गोपिका शिकायले आली. बापूजींची अट : २१ची परीक्षा पास झाली तर नागपुरात शिकेल, नाही तर गोंदियाच्या स्थळाले होकार. पोरगी सर्वांसमोर मले सर म्हणाली. छाती फुगली.

११ जून
गोपिका विचारे, बाई कीबोर्ड म्हणून राहिली अन् दिसून राहिला टीव्ही, काहून गा दादा? म्हटलं, नवीन मशीन आहे, गावच्या अकलेनं पाहू नको. तिनं वहीत लिहून घेतलं. सर्वांनीच.

२१ जून
परीक्षा. काचेच्या एसी खोलीत, चपला बाहेर. खरं मशीन पोरांनी आज पहिल्यांदा पाहिलं. सर म्हणाले, कीबोर्डवर हात ठेवा. गोपिकानं टीव्हीच्या काचेवर ठेवला. एकोणीसच्या एकोणीस तसेच. सर ओरडले, कुठून आणले रे हे नमुने! सारे नापास.
गावी परत जाताना एसटी स्टँडवर गोपिका म्हणे, माझं डोकंच चालत नाही का गा दादा? म्हटलं, मशीन सर्वांले जमत नाही. खरं सांगणारच होतो. गर्दी फार होती.

२३ जून
सरांनी स्वतः टेप लावून पाहिला. एक स्लाइड कमी, म्हणून आवाज एकाचा अन् चित्र पुढच्याचं. मी म्हटलं, उंदरानं नेली असेल. गुरुवारी सर्वांची पुन्हा परीक्षा.
गोपिकाले तार करायची. पण पुन्हा परीक्षा काहून, हे बापूजी विचारतील. त्यापेक्षा सविस्तर पत्र बरं.

२४ जून
पत्र चारदा लिहिलं. टाकलं ते पाचवं. त्यात फक्त, तब्येत ठीक आहे.

२६ जून
अठरा पास. सरांनी विचारलं, तुझी बहीण कुठं आहे रे? म्हटलं, तिले आवडच नव्हती.
सर म्हणाले, पोरींचं असंच असते.
मी मान हलवली.