मर्दानी घड्याळ

मेहकर, रविवार, दिवेलागणीला. १९६४

शेवटी घेतलंच! दवाखान्यात मी नर्स, आणि नाडी मोजायला इतकी वर्षं घड्याळ दुसऱ्याचं मागायचे. दुकानदार आधी नाजूक, सोनेरी बायकी घड्याळंच दाखवत बसला. माझं लक्ष त्या जाड स्टीलच्या घड्याळावर. बटण दाबलं की टक्, लांब सेकंदकाटा धावतो. पुन्हा टक्, तिथंच थांबतो. वेळेचे काटे आपले चालूच!

"बाई, हे तं मर्दानी हाये," तो म्हणाला. लाजले का मी? कशाला?

तेवढ्यात सोबत आलेले सासरे, आमचे मामाजी, म्हणाले, "तिले रोज धुळीत, धावपळीत वापराचं हाये. मजबूतच पाह्यजे. तेच द्या."

घरी आल्यापासून किती वेळा ते टक् टक् केलं, देव जाणे. सासूबाईंची नाडी मोजली, शेजारणींची मोजली. मामाजी बाहेर गेले होते. परत आल्यावर त्यांनीही हात पुढे केला. नाडी भलतीच पळत होती. मी घाबरले. "मामाजी, काय होतंय?"

"काई नाई होऊन राह्यलं," ते धापा टाकत हसले. "सुनेनं घड्याळ घेतलं म्हणून साऱ्या गावाले सांगून आलो."