पप्पांच्या डावीकडची जागा

प्रिय फ्लोराआत्या,

तुला लिहायचं म्हणता म्हणता वर्ष होत आलं. एकदा खरंच कागद घेऊन बसलो होतो, तर समोरच्या गच्चीवर दोघंजण सोलरची टाकी चढवत होते. दोर निसटतो की काय ते बघत राहिलो आणि संध्याकाळ झाली. टाकी नीट चढली, पत्र राहिलं. शिवाय माझं मराठी पाचवीपर्यंतचं. पण तुला हिब्रूत कसं लिहू? "हिब्रूत बोललास की मला ऐकू येत नाही," असं तूच म्हणायचीस ना?

आज लिहितोय, कारण काल तुझ्या लॅबमधल्या ओर्नाचा फोन आला होता. नवी मशिनं येतायत. तू कॉम्प्युटरमध्ये बांधलेला तो रस्ता सणानंतर काढून टाकणार आहेत. "तुझ्या वडिलांना शेवटचं एकदा चालायचं असेल तर घेऊन ये," म्हणाली. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पप्पांना अजून सांगितलेलं नाही. ते घरात झोपलेत आणि मी समोरच्या न्हाव्याच्या पायरीवर बसून तुला विचारतोय, की काय करू?

आठवतं, मी पहिल्यांदा तुझ्याकडे हैफाला आलो होतो ते? आलो नव्हतो, पळून आलो होतो.

पप्पांना मेंदूचा झटका आला हे तूच मला फोनवर सांगितलंस. मी तेव्हा अलिबागला एका लॉजवर खोल्या झाडत होतो. आर्मीची सक्तीची नोकरी संपल्यापासून असाच कुठेकुठे होतो. इकडे इस्रायलला परत येईपर्यंत ते हॉस्पिटलातून घरी आले होते. चालत होते, बोलत होते, फक्त माझ्याशी जरा तुटक. पहिल्या शुक्रवारी सिनेगॉगमध्ये त्यांच्या डावीकडची जागा मोकळी होती, तिथे बसलो. प्रार्थना झाली, हातबोशी सुरू झाली. पप्पांनी उजवीकडच्या एझरामामांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, मग बोटं ओठांना लावली. मग पुढच्या रांगेतल्यांना दिली, मागच्यांना दिली. मी दोन्ही हात पुढे करून उभा. माझ्याकडे वळलेच नाहीत.

हात खाली घेताना मागून कोणीतरी बोललेलं ऐकू आलं. "सॉलोमनने पोराला टाकलं वाटतं. बरोबरच आहे. बाप हॉस्पिटलात आणि हा तिकडे हिंडतोय."

रविवारी पहिल्या गाडीने मी रामला गाव सोडलं ते थेट तुझ्या दारात. तू दार उघडलंस तेव्हा तुझ्या हातात कपबशी होती. मी आत येऊन घडलेलं सगळं सांगितलं, पुन्हा त्या घरात पाय ठेवणार नाही असंही सांगितलं. तू हसलीस. मला इतका राग आला तुझा.

मग विचारलंस, "बेन्या, तुझ्या पाठीमागे आत्ता काय दिसतं?"

"काही नाही."

"काळं दिसतं का?"

"काळं कुठलं? दिसतच नाही, तर काळं काय नि पांढरं काय."

"तसंच सॉलीदादाला डावीकडे. तिकडे अंधार नाही त्याला. तिकडे काही आहे हेच नाही. डोळे शाबूत आहेत, लक्ष तिकडे जात नाही. तू त्याच्या डावीकडे बसलास ना? मग तू आलाच नव्हतास."

तू चहा ओतलास आणि म्हणालीस, "टाकलं म्हणे. टाकायला आधी दिसावं लागतं."

दुसऱ्या दिवशी मला लॅबमध्ये नेलंस. ते हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि मी एका रस्त्यावर उभा. दुकानं, झाडं, झेब्रा क्रॉसिंग, सगळं जरा खेळण्यातल्यासारखं. मान वळवली की रस्ताही वळायचा. लाल बस शोध म्हणालीस. मी शोधली. हेल्मेट काढल्यावर विचारलंस, "बाकावरच्या बाईच्या हातात काय होतं?"

"कुठली बाई?"

"तुझ्या नाकासमोर बसली होती. तुझे डोळे शाबूत आहेत ना रे?"

मग तू मला तिथेच ठेवून घेतलंस. तुझे विद्यार्थी फार शहाणे, सांगितलं तिकडेच बघतात. तुला भलतीकडे बघणारा माणूस हवा होता, म्हणालीस. आयुष्यात पहिल्यांदाच ह्या गुणावर मला कोणी काम दिलं. मी दिवसभर तुझ्या रस्त्यावर भटकायचो आणि तू काचेपलीकडून बघायचीस माझं लक्ष कुठे कुठे सांडतं ते.

आणि पप्पा आले तो दिवस! हेल्मेट बघून म्हणाले, "फ्लोरे, स्कूटर कुठे आहे?" मग रस्ता ओलांडायला निघाले आणि डावीकडून आलेल्या गाडीने त्यांना उडवलं. म्हणजे स्क्रीन लाल झाली. पुन्हा निघाले, पुन्हा उडवलं.

"ड्रायव्हर आंधळा आहे," पप्पा म्हणाले.

"दादा, गाडी डावीकडून आली. तू बघितलंस का डावीकडे?"

"इथली ट्रॅफिकच उलटी. मुंबईत गाडी उजवीकडून येते, सभ्य माणसासारखी."

आपण दोघं किती हसलो. पण नंतर कॉरिडॉरमध्ये तू भिंतीला टेकून उभी होतीस. रस्ता उजवीकडे बघून ओलांडायची त्यांची सवय जुनीच, घरात सगळ्यांनी त्यांना चिडवलेलं. म्हणून झटक्यानंतर ते डावीकडे बघेनात तेव्हा आधी कोणालाच शंका आली नाही. तुलासुद्धा. "माझं कामच हे, बेन्या. आणि तेव्हा मीही हसले," एवढंच बोललीस. मला तेव्हा काही सुचलं नाही. आता सुचतं. तू हसलीस कारण तो तुझा भाऊ होता, पेशंट नव्हता. हे त्या दिवशी का नाही सुचलं मला?

तू मला काम लावून दिलंस. त्याच्या डावीकडेच बस. जेवताना, टीव्हीसमोर, सिनेगॉगमध्ये. डावीकडूनच हाक मार, उत्तर आलं नाही तरी. सोपं करू नकोस त्याला. बरं, आत्या, उत्तर आलं नाही तरी म्हणजे कुठवर? ते तू सांगितलं नाहीस. तेव्हा वाटलं, विचारू कधीतरी. तुझा आजार तू आम्हाला उशिरा सांगितलास, हा माझा तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही.

तुला माती दिल्यानंतर काही आठवड्यांनी मी पप्पांना लॅबमध्ये नेलं होतं. ते तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. तू जाण्याआधी त्यांच्यासाठी रस्त्यात तुझा आवाज भरून ठेवला होतास, हे ओर्नाच्याही ध्यानात नव्हतं. पप्पा क्रॉसिंगपाशी उभे राहिले आणि डाव्या कानात तू बोललीस, "सॉलीदादा, इकडे बघ. इकडे."

आणि त्यांनी बघितलं. मान पूर्ण डावीकडे वळवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. काचेपलीकडे ओर्नाने माझा हात धरला. तुला हवं होतं ते झालं होतं.

पण तिकडे तू नव्हतीस ना. नुसता रस्ता होता, तुझं ते खेळण्यातलं झाड होतं. पप्पा बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "घरी चल." त्यानंतर पुन्हा गेले नाहीत. हैफाचं नाव काढलं तर दुसरंच काहीतरी बोलतात.

तुझ्यासाठी कद्दिशची प्रार्थना मात्र नेमाने म्हटली त्यांनी, ती पाठ आहे. वाचायचं असलं की पंचाईत. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, तिच्या ओळीचं शेपूट गळतं, मराठीचं डोकं. मुंबईहून आलेलं जुनं मासिक वाचतात आणि म्हणतात, हल्ली लोकांना वाक्याची सुरुवात करता येत नाही.

मी डावीकडे बसायचो. खूप दिवस बसलो. एका शुक्रवारी जेवताना मी त्यांच्या हातापाशी होतो, मीठ सरकवलं होतं त्यांच्याकडे, आणि ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "बेनी आला नाही अजून. गेला असेल कुठेतरी." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "पप्पा, मी इथे आहे."

"कोण?" म्हणाले, आणि उजवीकडे शोधलं.

दुसऱ्या दिवसापासून मी उजवीकडे बसायला लागलो. आता सगळं सुरळीत आहे. ते माझ्याशी बोलतात, हातबोशी देतात. सिनेगॉगमध्ये लोक म्हणतात, मिटलं वाटतं बापलेकाचं. फक्त त्यांच्या ताटात डाव्या बाजूची भाजी तशीच राहते आणि मी ताट फिरवून देतो. एझरामामा म्हणतात, पोरगा सुधारला. तू बघितलं असतंस तर एका शब्दात मला गप्प केलं असतंस. ह्या गावात हे समजणारं दुसरं कोणी नाही, आत्या. कोणाला सांगू? इथली माझ्या वयाची पोरं विचारतात, "पुढे कुठे जाणार?" मलाही रोज सकाळी वाटतं, जावं. नेपाळला म्हणे रस्त्याच्या कामावर माणसं लागतात. बघ, पुन्हा भलतीकडे गेलो.

तर हे वचन घे. आज रात्री त्यांना ओर्नाच्या फोनचं सांगेन. यायचं म्हणाले तर घेऊन जाईन. तुझा आवाज पुन्हा ऐकायचा नसेल तर राहू दे, रस्ता पुसू देत लॅबवाल्यांना. पण मी पुन्हा डावीकडे बसेन. आज शब्बाथपासूनच. हात पुढे करेन, ते वळले नाहीत तर पुढच्या शुक्रवारी करेन. कुठवर, ते आता विचारत नाही. एवढं बघून होईपर्यंत गाव सोडणार नाही.

तुझा,
बेन्या

आत्या, थांब. रस्त्यावर हॉर्न वाजतायत. पप्पा आहेत. एकटेच. अर्धी दाढी झालेली, डाव्या गालावर साबण तसाच, एका पायात चप्पल. मी उठेपर्यंत दोन पावलं रस्त्यात आले होते. तिथे थांबले, मान वळवली, डावीकडची व्हॅन जाऊ दिली. ड्रायव्हर काहीतरी ओरडला, हे मराठीत ओरडले.

आता माझ्यासमोर उभे आहेत, धापा टाकतायत. म्हणतात, "कुठे होतास? घरभर शोधलं तुला."