कोंडीबाच्या टायरची पट्टी

सांगली, ६ जानेवारी

ती. इंद्रजितदादास,
शि. सा. न. वि. वि.

टायरचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस, म्हणून लिहिते. पसरणीच्या घाटात कोंडीबा ड्रायव्हरची स्ट्रॉबेरीची गाडी उलटली, त्याचा पाय गुडघ्यातून कापावा लागला. आपल्या दुकानात जुन्या टायरवर चिकटवलेली रिमोल्डची पट्टी सुटली होती. तिचा तुकडा मी माझ्या प्रयोगशाळेत तपासला. नीट चिकटलेली पट्टी ओढली तर रबरच फाटतं, दोन्ही बाजू ओबडधोबड होतात. ही गुळगुळीत निघालीय. खाली ऑइलचा थर होता. चिकटवायचं सोल्यूशन रबराला भिडलंच नाही.

टायर घासायच्या मशीनमधून ऑइल गळतंय, हे मी दिवाळीत तुला दाखवलं होतं. तू हसलास आणि म्हणालास, की बाईनं पुस्तकं चिकटवावीत, टायर नव्हे.

पोलीस ठाण्यात तू स्वतः जाऊन सांग. वहिनींना नमस्कार. रागावलास तरी धाकटीला परकी करू नकोस.

तुझी,
शिवांजली

उंब्रज, ११ जानेवारी

चि. शिवांजलीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझी वयनी म्हणाली, अक्षर लय झ्याक हाय. मशीन गळतंय हे मला म्हाईत न्हाई व्हय? ऐन हंगामात बंद ठेवलं तर गिऱ्हाईक कराडला जातं. कोंडीबानं पेट्या जास्त भरल्या हुत्या.

तू ठाण्यात गेलीस तर आईला सांगंन, लेकीनं भावाला बेड्या घातल्या. तिचं काळीज किती उरलंय ते डॉक्टरनं तुलाबी सांगितलंय. थंडी हाय, जपून ऱ्हा.

दादा

सांगली, २ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न.

अहवाल ठाण्यात दिला. येताना कोंडीबाकडे गेले होते. त्याची बायको मंगल सांगत होती, की नसलेल्या पायाला खाज सुटते म्हणून तो अंथरूण खाजवत बसतो. आईला काय सांगायचं ते सांग.

शिवांजली

उंब्रज, १४ मार्च

चि. शिवांजलीस आशीर्वाद.

तुझा अहवाल पडून ऱ्हायला. माल जास्त हुता, चूक माझी, असं कोंडीबानंच लिहून दिलंय. मी घरी जाऊन त्याला इचारलं, की एका पायावर तुला गाडी कोण देणार? आपल्याकडं बसून काम हाय. तसा तो रडला, मंगल माझ्या पाया पडली. सोमवारपासनं टायर घासायला बसतोय. मला मालक म्हणतोय.

मंगलनं तुला निरोप धाडलाय, की ताईंनी आमच्या दारात परत येऊ नये.

आई बरी हाय. माया हाय तशीच ऱ्हाऊ दे.

तुझा,
दादा